काकूंचा मदर्स डे: कचरा कमी करायचा, पण काकूंचं काम न वाढवता

ही केस माझ्या जवळच्या मैत्रिणीच्या घरची आहे. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव मुद्दाम टाकलेलं नाही. मी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून त्यांनी मला प्लॅनिंगमध्ये ओढलं, आणि त्यातून जे समोर आलं ते पूर्ण लिहून ठेवावंसं वाटलं. मुद्दा आधीच सांगून टाकते. आईचा दिवस इकोफ्रेंडली करायच्या नादात बऱ्याच घरांत सगळी जास्तीची मेहनत परत आईच्याच अंगावर पडते. डिस्पोजेबल प्लेटा बंद होतात आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग लागतो, बुके बंद होतो आणि बाल्कनीत पाणी घालायला सहा कुंड्या येऊन बसतात. पृथ्वीचं ओझं थोडं हलकं झालं असेलही, पण ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिचं वाढलं, आणि हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही कारण ती बोलत नाही.

माणसं अशी. काकू सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. तब्येत तशी बरी आहे पण गुडघे दुखतात आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. थोरली मुलगी म्हणजे माझी मैत्रीण त्याच शहरात, मधला मुलगा एका रात्रीच्या ट्रेनच्या अंतरावर, धाकटी परदेशात. नातवंडं आहेत, त्यातली दोन कॉलेजच्या वयाची, म्हणजे कामाला लावता येण्यासारखी.

आधी काय चालायचं

मदर्स डे म्हणजे मे महिन्यातला दुसरा रविवार, बऱ्याच देशांत तोच पाळतात. या घरात गेली काही वर्षं तो ठरलेल्या पद्धतीने व्हायचा. धाकटी ऑनलाइन काहीतरी पाठवायची, मुलगा बुके आणि केक, मैत्रीण सगळ्यांना जेवायला बोलवायची, आणि बोलवायची म्हणजे काकूंच्याच घरी, कारण जागा तिथे मोठी.

आम्ही सगळ्यात आधी काकूंचं कपाट उघडलं. हे मी कुठल्याही घरात आधी करायला सांगते, कारण पुढे काय द्यायचं याचं उत्तर निम्मं तरी आधी दिलेल्या वस्तूंचं काय झालं यात असतं. कपाटात निघालं काय, तर पाय चेपायचं मशीन बॉक्समध्ये जसंच्या तसं, फोटो छापलेले मग, डिजिटल फोटोफ्रेम जिचा चार्जर हरवलाय, सेंटेड मेणबत्त्या, टॅग न काढलेले स्कार्फ, वाजणारी ग्रीटिंग कार्डं. काकूंनी यातलं काहीच फेकलं नव्हतं, "मुलांनी दिलंय, टाकायचं कसं" म्हणून सगळं जपून ठेवलेलं, दर थोड्या महिन्यांनी काढून पुसून परत ठेवायच्या. म्हणजे भेटवस्तू सांभाळणं हे अजून एक काम होऊन बसलं होतं.

यातली एक गोष्ट जवळून सांगायलाच हवी. बाल्कनीतल्या एका कुंडीत वरवर हिरवट भुगा दिसत होता. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "अगं तो बुकेच्या खालचा ठोकळा. पाणी छान धरून ठेवतो ना, म्हटलं मातीत घालू." त्यांनी तो हाताने चुरून चांगला खोलवर मिसळला होता. तो ठोकळा म्हणजे फ्लोरल फोम. दिसतो ओलसर शेवाळासारखा, बोट लावलं की भुसभुशीत तुटतो, म्हणून कुणालाही वाटतं की नैसर्गिक काहीतरी आहे. आहे ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक, १९५० च्या दशकापासून फुलांच्या सजावटीत वापरतात. तो चुरला की त्याचे बारीक कण म्हणजे सरळ मायक्रोप्लास्टिक. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय की हे कण पाण्यातले छोटे जीव खातात आणि फोममधून पाण्यात उतरणारी रसायनं त्यांना बाधतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या फ्लॉवर शोजमध्ये हा फोम बंद केला. आणि इथे एक शिक्षिका बाई, आयुष्यभर एक कागद वाया न घालवलेली, वाया जाऊ नये म्हणून तो मातीत कालवत होती. काकूंची यात काय चूक, त्या ठोकळ्यावर कुठेही लिहिलेलं नसतं की हे प्लास्टिक आहे. आम्ही ती वरची माती काढून सुक्या कचऱ्यात दिली, दुसरा मार्गच नव्हता.

पहिला हिरवा प्लॅन

तो धाकटीने केला होता, मनापासून केला होता. बुकेऐवजी कुंडीतली झाडं, सगळ्यांकडून एकेक. डिस्पोजेबल काहीच नाही, घरातल्याच प्लेटा आणि वाट्या. बाहेरून काही मागवायचं नाही, सगळं जेवण घरी. गिफ्ट जुन्या कापडात गुंडाळायचं. काकूंना कंपोस्टचा डबा भेट. आणि ती स्वतः दोन दिवसांसाठी विमानाने सरप्राइज म्हणून येणार.

कागदावर वाचताना सुंदर वाटतं. मी ग्रुपवर फक्त एवढंच विचारलं की दिवस संपल्यावर संध्याकाळी सात वाजता त्या घरात कोण असेल आणि काय करत असेल? वीस-पंचवीस माणसांची भांडी कोण घासणार, घरचं जेवण म्हणजे नक्की कुणाच्या हातचं, झाडांना रोज पाणी कोण नेणार, कंपोस्ट कोण हलवणार, कापडं धुऊन इस्त्री कोण करणार? बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग मुलाने लिहिलं, "आईच."

तिथून पुढे आम्ही प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न लावायचे ठरवले, याचं पुढे काय होतं आणि ते कुणाच्या हातून होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काकू आलं की ती गोष्ट एकतर काढायची, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर टाकायची. मला विचाराल तर पहिल्या प्रश्नाइतकाच हा दुसरा प्रश्न पर्यावरणाचासुद्धा आहे, कारण जी चांगली सवय एकाच थकलेल्या माणसाच्या जिवावर चालते ती टिकत नाही. तो कंपोस्टचा डबा तीन महिन्यांत रिकामा कोपऱ्यात पडतो आणि मग तोच एक प्लास्टिकचा कचरा होतो, हे मी किती घरांत पाहिलंय.

हे बोलणं चालू असताना या दिवसाचा इतिहासही मी त्यांना सांगितला, कारण तो थेट याच मुद्द्यावर येतो. अमेरिकेत, आज ज्याला वेस्ट व्हर्जिनिया म्हणतात त्या भागात, अ‍ॅन रीव्हज जार्विस नावाच्या बाईने १८५८ च्या सुमारास आयांचे गट बांधले, मदर्स डे वर्क क्लब्ज. मुलं साथीच्या रोगांनी जायची, म्हणून स्वच्छता, दूध तपासणं, औषधासाठी पैसे गोळा करणं, आणि ज्या घरात आई क्षयाने आजारी आहे तिथे कामाला मदतनीस बाई लावून देणं असं ते काम होतं. म्हणजे मुळात आजारी आईच्या अंगावरचं काम दुसऱ्या कुणीतरी उचलणं हे त्यात होतं. पुढे त्यांच्या मुलीने, अ‍ॅना जार्विसने, आईच्या स्मरणार्थ १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला कार्यक्रम घडवून आणला, तिथे आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशन फुलं पाठवली, आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तो दिवस अधिकृत केला. पण काही वर्षांतच फुलवाले, कार्डवाले, मिठाईवाले त्यावर तुटून पडले आणि अ‍ॅनाने उरलेलं आयुष्य त्या बाजाराशी भांडण्यात घालवलं, १९२५ मध्ये फिलाडेल्फियात एका अधिवेशनात गोंधळ घातला म्हणून तिला अटकसुद्धा झाली. छापील कार्डाची तिला चीड होती, आईला हाताने पत्र लिहा म्हणायची. १९४८ मध्ये ती गेली. धाकटीला हे माहीत नव्हतं, तिने ते वाचून लगेच लिहिलं की मग आपण पत्रं लिहू, आणि ती गोष्ट शेवटपर्यंत प्लॅनमध्ये राहिली.

काकूंना विचारलं कसं

"आई, तुला काय हवंय" असं विचारलं तर उत्तर येतं "काही नको, तुम्ही या म्हणजे झालं." हे उत्तर खोटं नसतं, पण त्यातून हाताला काही लागत नाही. म्हणून मैत्रिणीला मी वेगळं विचारायला सांगितलं. या महिन्यात कुठलं काम तुला नको नको झालं? घरात असं काय आहे जे बिघडलंय आणि तू तसंच चालवून घेतेयस? कुणाला भेटायचं राहून गेलंय?

याला मात्र धडाधड उत्तरं आली. माळ्यावरचे डबे खाली काढायचेत, वर चढवत नाही. शिलाई मशीन दोन वर्षं बंद आहे. फोन दुपारीच बंद पडतो आणि त्यात शाळेचे जुने फोटो कुठे गेलेत ते सापडत नाहीत. बाल्कनीत पाणी न्यायला दोनदा बादली उचलावी लागते. ऑपरेशनचे फॉर्म भरायचेत, अक्षर बारीक आहे. आणि शाळेत बरोबर शिकवणारी एक जुनी मैत्रीण आहे शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिला भेटून किती काळ लोटला ते आठवत नाही.

या यादीत विकत आणायची वस्तू जवळजवळ एकही नाही, सगळी कामं आहेत, दुरुस्त्या आहेत, माणसं आहेत. म्हणजे त्यांना जे हवं होतं तेच मुळात कमी कचऱ्याचं होतं, वेगळी इकोफ्रेंडली यादी करायची गरजच नव्हती.

एकेक निर्णय

फुलं. मुलाला फुलं हवीच होती, आणि काकूंनाही फुलं आवडतात, मग का नको. पण इथे एक गैरसमज असतो की लांबून आलेलं फूल म्हणजे वाईट आणि जवळचं म्हणजे चांगलं. ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ मध्ये हिशेब केला होता, १२,००० गुलाब ब्रिटनमध्ये पोचवायचे तर केनियातून विमानाने आणलेल्यांचा कार्बन सुमारे ६,००० किलो आणि नेदरलँड्समधल्या गरम केलेल्या ग्रीनहाऊसमधल्यांचा सुमारे ३५,००० किलो. विमान असूनही केनियाचे कमी, कारण तिथे ऊन फुकट आहे. म्हणजे अंतरापेक्षा ते फूल कशावर वाढलं हे मोठं. सगळ्यात सोपं म्हणजे त्या हंगामात उघड्यावर, आपोआप येणारं फूल, आणि तेही विमानात न बसता आलेलं. मैत्रिणीच्या एका नातेवाईकांकडे अंगण आहे, तिथून सकाळी कापून आणली, घरातल्या काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली. फोम नाही, चकचकीत प्लास्टिक नाही, रिबन नाही. वाळल्यावर सरळ ओल्या कचऱ्यात.

झाडं. सहाच्या ऐवजी एक. एक झाड प्रेमाने वाढतं, सहा म्हणजे ड्युटी. त्या एकालाही वात लावून दिली: जाड सुती दोरी एका टोकाने कुंडीच्या मातीत, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, माती सुकली की दोरीतून पाणी चढतं. बाकीच्या कुंड्यांसाठी नळाला हलका पाइप जोडला, बादली संपली. झाड घेताना मी एक बघायला सांगितलं, मातीच्या मिक्समध्ये पीट आहे का, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. जगात पीटची दलदल जमिनीच्या फक्त ३ टक्क्यांच्या आसपास आहे पण मातीतल्या एकूण कार्बनचा साधारण एक तृतीयांश त्यात साठलाय, ती उपसून कुंड्या भरायच्या हे पटण्यासारखं नाही. साधी माती आणि कंपोस्ट पुरतं.

"आईच्या नावाने झाडं लावू" हेही कुणीतरी सुचवलंच. यावर माझं मत जरा ठाम आहे. रोप लावणं हा फोटोचा भाग झाला, पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि कुंपण हे खरं काम, आणि त्याला कुणी नसतं. काकूंच्या रस्त्यावर लावलेलं एक तरुण झाड होतं, आळं बुजलेलं, आधाराची तार खोडात रुतायला लागलेली. कॉलेजवाल्या नातवाने तेच दत्तक घेतलं. तार कापली, सैल कापडी पट्टीने बांधलं, आळं केलं, आणि पाऊस नसेल तेव्हा पाणी घालायचं त्याने कबूल केलं. काकूंना खिडकीतून ते दिसतं.

फोन. मुलगा नवीन फोन घेऊन देणार होता. फोनच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बनचा मोठा भाग तो बनवतानाच हवेत गेलेला असतो, वापरताना थोडा, म्हणून असलेला फोन जितका जास्त चालेल तितकं चांगलं. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होईल अशा नीट पद्धतीने गोळा होऊन रिसायकल झाला. म्हणून आधी दुरुस्ती. बॅटरी बदलली, अक्षरं मोठी केली, नको ती अ‍ॅप्स काढली. आणि नातीने शेजारी बसून फोटो लावून दिले, शाळेचे वेगळे, घरचे वेगळे, नोट्सचे फोटो वेगळे. काकूंना नवीन फोन नकोच होता, परत सगळं नव्याने शिकायचं टेन्शन होतं त्यांना. हे मुलाला कधी सांगितलंच नव्हतं कारण तो हौसेने बोलत होता.

शिलाई मशीन. ही माझ्या मते सगळ्यात मोठी भेट ठरली. पायाची जुनी मशीन, बिघाड असा काही मोठा नव्हताच. कातडी पट्टा वाळून तडकला होता, बॉबिनच्या खाली वर्षानुवर्षांची लव आणि तेल मिळून काळा चिकट थर झाला होता, आणि सुई वाकलेली. मेकॅनिक घरी आला, ब्रशने ती लव कोरून काढली, प्रत्येक भोकात मशीनचं तेल एकेक थेंब, नवीन पट्टा मापाने कापून क्लिपने जोडला. चाक पहिल्यांदा हाताने फिरवलं तेव्हा जड गेलं, मग हळूहळू मोकळं झालं. काकू बाजूला उभ्या राहून त्याला सांगत होत्या दोरा कुठून घ्यायचा. गुडघ्याचं काय असं मी विचारलं, तर मेकॅनिकनेच सांगितलं की छोटी मोटर बसते, पाय मारायची गरज नाही. ती बसवली. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या गाऊनची उसवलेली कड मारली. आता कुणी म्हणेल की हे तर त्यांनाच काम दिलं! तर नाही, हे त्यांनी स्वतः मागितलेलं काम आहे, त्यांच्या आनंदाचं. फरक कळायला तेच विचारावं लागतं.

कपाटातल्या वस्तू. हे सगळ्यात अवघड गेलं, वस्तूंमुळे नाही, मनामुळे. प्रत्येकाने आपण दिलेलं परत न्यायचं आणि त्याचं काहीतरी करायचं असं ठरलं. मुलाला पाय चेपायच्या मशीनवरून वाईट वाटलं, त्याने पैसे साठवून घेतलं होतं. काकू त्याला म्हणाल्या, "अरे तू आलास की पाच मिनिटं हाताने चेप, ते मला जास्त लागतं." मशीन त्याने आपल्या सासऱ्यांना नेलं, तिथे ते खरंच वापरात आहे. स्कार्फ मैत्रिणीने दोन नेले, नातीने एक. वाजणाऱ्या कार्डांमध्ये छोटी बटण बॅटरी असते, ती काढून ई-कचऱ्यात दिली, तशीच कार्डं कागदात टाकली तर बॅटरीही कागदाबरोबर जाते. ग्लिटरची कार्डं कागदाच्या रिसायकलिंगला चालत नाहीत, ग्लिटर म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे धातूचा मुलामा दिलेले तुकडे असतात, युरोपियन युनियनने तर २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी आणली. त्या कार्डांच्या आतला हाताने लिहिलेला मजकूर तेवढा काकूंनी कापून ठेवला. फोटो छापलेले मग तेवढे राहिले, बाकी पुसण्याचं काम संपलं.

धाकटीचं येणं. इथे मी खूप सांभाळून बोलले. आईला भेटायला जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही, कार्बनच्या नावाखाली तर अजिबात नाही. पण लांब पल्ल्याच्या एका जाऊन-येऊन विमानप्रवासात माणशी एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड सहज होतो, त्या दिवसाच्या बाकी सगळ्या फुलं-प्लेटा-कागदांचा हिशेब एकत्र केला तरी त्याच्या जवळपास पोचत नाही. मग प्रश्न असा की एवढा मोठा प्रवास करायचाच तर तो आईला कधी जास्त उपयोगी पडेल? दोन दिवस, त्यातला अर्धा जेटलॅगमध्ये, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी चांगले काही आठवडे? तिने तिकीट काढलं नव्हतं अजून. ती ऑपरेशनला आली, घरून काम करत राहिली, डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक तिने सांभाळलं. सरप्राइज गेलं, पण काकूंना महिना आधीपासून वाट बघायला मिळाली आणि मला वाटतं ते सुख सरप्राइजपेक्षा मोठं असतं.

प्रत्यक्ष दिवस

माणसं कमी केली, घरचीच आणि काकूंची ती शाळेतली मैत्रीण. तिला नातू जाऊन घेऊन आला. बाकीच्या नातेवाईकांना प्रत्येकाने आपापल्या वेळी येऊन भेटायचं. स्वयंपाक मुलाने आणि जावयाने केला, मैत्रिणीच्या घरी, आणि डब्यांत भरून आणला, म्हणजे काकूंचा ओटा उघडलाच नाही. पदार्थ मोजके, आणि आधी प्रत्येकाला विचारून माप घेतलं. अन्नाचं हे माप लोक फार हलक्यात घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आकडा आहे, २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून. ते कचरा डेपोत दाबलं जाऊन हवेशिवाय कुजलं की मिथेन होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. सणासमारंभाला "कमी पडायला नको" म्हणून दुप्पट करायची सवय मोडणं हे कागदी स्ट्रॉ वगैरेपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

प्लेटा घरातल्याच, कमी पडल्या त्या शेजारून. नवीन स्टील किंवा बांबूचा सेट विकत घ्यायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं, कारण पुन्हा वापरायच्या वस्तूचा फायदा ती खूप वेळा वापरली तरच मिळतो, एका दिवसासाठी नवीन इकोफ्रेंडली सेट घेणं म्हणजे उलटा हिशेब. भांडी नातवंडांनी घासली. आधी उष्टं खरवडून ओल्या कचऱ्यात, मग एका टबात साबणाचं पाणी, एका टबात साधं. नळ सोडून घासलं तर मिनिटाला सहा ते दहा लिटर सहज जातं, टबात ते वाचतं. काकू दोनदा उठून आत गेल्या, दोनदा त्यांना परत आणून बसवलं. दुसऱ्यांदा त्यांची मैत्रीणच म्हणाली, "बस गं, वर्गात मॉनिटर आहेत."

पत्रं जेवणानंतर वाचली. पत्राला एकच अट होती, "तू जगातली बेस्ट आई" असलं काही लिहायचं नाही, आईने केलेली एक नेमकी गोष्ट लिहायची, आणि मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना भिंगाशिवाय वाचता येईल. पाठकोऱ्या कागदावर लिहिली सगळ्यांनी. मुलाने लिहिलं की दहावीत नापास झालेल्या विषयाचा निकाल त्याने लपवला होता, आईला तो माहीत होता, आणि तिने त्याने स्वतः सांगेपर्यंत वाट बघितली. काकूंनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या की शाळेतून मला त्याच दिवशी कळलं होतं रे. ती गोष्ट घरात त्याआधी कधी बोललीच गेली नव्हती.

काय जमलं नाही

सगळं सुरळीत झालं असं नाही. "भेटवस्तू आणू नका" हा निरोप एका नातेवाईकांना लागला, त्यांना वाटलं आपण आणलेलं यांना कमी वाटतं. नंतर मैत्रिणीने स्वतः फोन करून सांगितलं की आईला तुमच्याकडून जुन्या आठवणी रेकॉर्ड करून हव्यात, तेव्हा निवळलं. माझं आता मत झालंय की नुसतं "नको" पाठवू नये, त्या जागी काय हवंय ते बरोबर सांगावं. एकांनी तरी बुके आणलाच, फोमसकट, तो हसून घेतला, माणसाला दारात ऐकवायचं नसतं.

कंपोस्टचा डबा काकूंनी स्पष्ट नाकारला आणि तो निर्णय बरोबर होता. त्यांचा ओला कचरा आता सोसायटीच्या मोठ्या खड्ड्यात जातो, तिथे न्यायचं काम मजल्यावरच्या एका कॉलेजच्या मुलाने घेतलंय.

आणि सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे सातत्य. त्या दिवशी प्रत्येकाने वर्षभरासाठी एकेक काम अंगावर घेतलं होतं. नातवाचं झाडाला पाणी चालू आहे. मैत्रीण महिन्याच्या महिन्याला माळा आणि कपाट बघते. मुलाकडे बिलं आणि फॉर्म होते, त्यात दोनदा खंड पडला आणि काकूंनी गुपचूप स्वतः भरले. आम्हाला ते उशिरा कळलं. मग ते काम त्याच्याकडून काढून धाकटीला दिलं, कारण ते ऑनलाइन होतं आणि ती तारखेला पक्की आहे, आणि मुलाला प्रत्यक्ष येऊन करायची कामं दिली, जी तो चांगली करतो. कामाची वाटणी माणूस बघून केली नाही तर ती घसरत घसरत परत आईकडे जाते, हे या केसमध्ये अगदी डोळ्यांसमोर घडलं.

पुढच्या वर्षीचं मुलांचं बोलणं आत्ताच सुरू झालंय, पण या वेळी काकूंनी आधीच सांगून टाकलंय. त्यांना घरी काहीच नकोय. त्यांना आणि त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीला दोघींनीच ट्रेनने कुठेतरी जाऊन यायचंय, डोळ्यानेही आता नीट दिसतं. मुलांनी फक्त खालचा बर्थ मिळेल असं तिकीट काढायचं, कुंड्यांना पाणी घालायचं आणि सारखे फोन करायचे नाहीत.